जनुकांच्या घड्याळाला चावी कोण देतं?

‘या दोन प्रजाती अमुक कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या’ असं पेपरमध्ये दिसलं की आपण आकडा वहीत उतरवतो आणि पुढे जातो. मीही तेच करायचो. पण या आकड्यांवर माझा आक्षेप आहे.

डीएनएमधून कळतं फक्त अंतर, म्हणजे बदलाचा वेग गुणिले काळ. कोल्हापूरहून साताऱ्याला पोचलेली गाडी कधी निघाली, हे वेग माहीत असल्याशिवाय सांगता येईल का? तो वेग ठरवायला जीवाश्म किंवा एखादी भूगर्भीय घटना लागते.

सह्याद्रीतला जांभळा बेडूक घ्या. बिजू आणि बोस्युट यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं वर्णन केलं. याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कुठे, तर सेशेल्समध्ये! भारत आणि सेशेल्स साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच धोक्याची. हीच तारीख घड्याळात भरायची आणि निष्कर्षात लिहायचं, की भूखंड तुटला म्हणून बेडूक वेगळे झाले. यात सिद्ध काय झालं? जे गृहीत धरलं तेच.

मग जीवाश्म वापरूया? मुंबईत वरळीला, लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात छोटे बेडूक सापडले. ओवेननं १८४७ मध्ये त्यांना ‘राना’त घातलं, नोबलनं १९३० मध्ये ‘इंडोबॅट्राकस’ हा वेगळा वंश (जीनस) केला. म्हणजे खडकाचं वय पक्कं असलं, तरी जीवाश्म वंशवृक्षाच्या कुठल्या फांदीला टांगायचा हा प्रश्न उरतोच. फांदी चुकली की वरच्या सगळ्या तारखा चुकल्या. शिवाय जीवाश्म फक्त किमान वय सांगतो. ती शाखा तेव्हा होती एवढंच कळतं, कधी सुरू झाली ते नाही. कमाल मर्यादा आपणच घालतो, आणि बहुतेक पेपरमध्ये तिचं कारण एका ओळीत उरकलेलं असतं.

‘जनुकं वाढवली की उत्तर सुधारेल’ हाही भ्रमच. अंतर अचूक होईल. पण चावीच ढिली असेल तर काळाची अनिश्चितता एका मर्यादेखाली जातच नाही.

म्हणून पेपर वाचताना बघा: चावी कुठून आली? जीवाश्म त्या फांदीवर का? आणि डीएनए काढून विश्लेषण चालवलं तर काय येतं?

हा शेवटचा प्रयोग मी गेल्या आठवड्यात माझ्याच फाईलवर केला. आकडा जवळपास तोच आला. म्हणजे दोन वर्षं जमवलेली जनुकं त्या तारखेबद्दल काही बोललीच नव्हती. मीच बोलत होतो. प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय.