‘प्रकाशवाटा’ आणि आरोग्यसेवेतील कुशल मनुष्यबळ टिकविण्याचा प्रश्न : एक समीक्षा

प्रस्तावना

डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन समकालीन प्रकाशनाने २००९ मध्ये प्रसिद्ध केले. मराठी वाचकाने ते प्रामुख्याने त्यागाची गाथा म्हणून स्वीकारले. प्रस्तुत लेखात या पुस्तकाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. शिकलेला डॉक्टर वा परिचारिका दुर्गम भागात का टिकते आणि का टिकत नाही, या प्रश्नाचे कोणते उत्तर हे आत्मकथन देते व कोणते देऊ शकत नाही, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

टिकून राहण्याची कारणे

तत्कालीन चंद्रपूर व आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून आलेले डॉ. प्रकाश आणि भूलशास्त्र शिकलेल्या डॉ. मंदाकिनी तेथे स्थिरावले. वीज नव्हती, पावसाळ्यात वाट बंद होत असे. तरीही हे दांपत्य तेथे राहिले, याचे श्रेय आपण सहजपणे केवळ ध्येयवादास देतो.

पुस्तक बारकाईने वाचल्यास मात्र आणखी तीन कारणे आढळतात. पहिले, कामातून ज्ञान वाढत गेले. अस्थिभंगापासून प्रसूतीपर्यंत आणि अस्वलाने फाडलेल्या चेहऱ्यापर्यंत सर्व काही स्वतः शिकावे लागले. दुसरे, ते एकटे नव्हते. विलास व रेणुका मनोहर यांच्यासारखे सहकारी वर्षानुवर्षे सोबत होते. तिसरे, कुटुंबाचे जीवन तेथेच उभे राहिले. माडिया भाषा आत्मसात झाली, प्रकल्पात शाळा निघाली आणि आमटे यांची मुलेही तेथे माडिया मुलांबरोबर शिकली. पुढे डॉ. दिगंत व डॉ. अनघा हे पुढच्या पिढीतील दांपत्य त्याच रुग्णालयात रुजू झाले. शिकण्याची संधी, सोबत आणि संसाराची सोय या गोष्टी त्यागाच्या नव्हेत, व्यवस्थेच्या आहेत.

आत्मकथनाची मर्यादा

येथेच या पुस्तकाची मर्यादाही लक्षात घेणे अगत्याचे आहे. हे संस्थापकाचे आत्मकथन आहे. संस्थापकास निर्णयाचे स्वातंत्र्य असते. नोकरदारास ते नसते. शिवाय जे टिकले तेच आत्मचरित्र लिहितात. जी परिचारिका दोन वर्षांनी शहरात निघून गेली, तिची कैफियत आपल्या वाङ्मयात सहसा येत नाही. परिणामी ‘टिकणारा थोर, जाणारा स्वार्थी’ अशी सोपी विभागणी वाचकाच्या मनात रुजते. लेखकाचा तसा दावा नाही. ती आपल्या वाचनाची उणीव आहे.

या संदर्भात जामखेडचा अनुभव उद्बोधक ठरतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे कार्य आरंभिले. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात ठेवण्याचा आरंभीचा प्रयत्न साधला नाही. तेव्हा त्यांनी परिचारिकांना दोष न देता रचनाच बदलली. गावातीलच, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून निवडले आणि जामखेडला नियमित बोलावून त्यांचे शिक्षण चालू ठेवले. ज्यांची मुळे गावातच होती, त्यांच्याकडे कौशल्य सोपविले गेले.

आपल्या परिसरातील संदर्भ

कापूरहोळ पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. येथून भोर, सासवड व पुणे अशा वाटा फुटतात. हेमलकशाचे दुर्गमत्व येथे नाही. येथे अडचण उलट आहे. पुण्याची मोठी रुग्णालये रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात असल्याने भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या डोंगरी गावांसाठी शिकविलेले कौशल्य महामार्गावरून सहज निघून जाऊ शकते. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर घालता येते. निवासस्थान, मुलांची शाळा आणि रात्रपाळीतील सुरक्षितता यांवाचून ती पाळली जाणे कठीण.

२००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून कंत्राटी पदांची मोठी फळी उभी राहिली. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संप करावा लागला. दहा वर्षे टिकलेल्यास टिकल्याचे फळ मागावे लागते, तेथे नव्याने येणाऱ्याने काय बोध घ्यावा? तासिका तत्त्वावरील अध्यापकांमुळे हे दुःख महाविद्यालयांनाही अपरिचित नाही.

निष्कर्ष

‘प्रकाशवाटा’ हे प्रेरणादायी पुस्तक आहे, यात शंका नाही. तथापि अभ्यासक्रमात वा व्याख्यानात ते केवळ त्यागाचा आदर्श म्हणून मांडल्यास विद्यार्थ्यांच्या मनात आदर निर्माण होईल, परंतु शासनाची व संस्थांची जबाबदारी दृष्टिआड होईल. हेमलकसा व जामखेड येथे माणसे टिकली, कारण त्यांना शिकता आले, सोबत मिळाली आणि गावात स्थान मिळाले. हे तीन घटक सामान्य आरोग्य कर्मचाऱ्यास वेतन व सेवाशाश्वतीसह मिळावेत, अशी मागणी करणे हा सेवाभावाचा अवमान नव्हे. अध्यापकांनी हे आत्मकथन शिकविताना हा प्रश्न वर्गात अवश्य उपस्थित करावा.