खाडिलकरांची ‘भाऊबंदकी’: पाप एकाचे, नाव दुसऱ्याचे

भाऊबंदकी हा शब्द आपल्यापैकी कोणाला कोशात पाहावा लागत नाही. शेताचा बांध हातभर सरकतो, सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून एक नाव गळते, आजारी वडिलांचा अंगठा कोणीतरी कागदावर उमटवून घेतो, आणि एका ताटात जेवलेले दोघे भाऊ मिस्साला येऊन चर्चच्या दोन टोकांच्या बाकांवर बसू लागतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली पेशव्यांच्या वाड्यातील खुनावर नाटक रचले, तेव्हा त्याला एखादे भारदस्त संस्कृत नाव न देता हा चावडीवरचा शब्द दिला. नाटकाचे पहिले यश माझ्या मते या नावातच आहे. मामला राज्याचा असला तरी दुखणे घरचे आहे, हे पडदा वर जाण्यापूर्वीच प्रेक्षकाला कळते.

खाडिलकर मूळचे सांगलीचे. त्यांचा जन्म तेथे १८७२ साली झाला. या गावाला नाट्यपंढरी म्हणतात, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ येथेच रंगभूमीवर आणले, आणि त्यांना आश्रय दिला तो सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी. मात्र हे संस्थानच एका वाटणीतून जन्मले, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन आणि त्यांचे पुतणे चिंतामणराव यांचे पटेना, तेव्हा १८०१ च्या सुमारास पुतण्याने आपला वाटा वेगळा घेतला आणि कृष्णाकाठच्या सांगलीला आपली राजधानी केली. तंटा काका-पुतण्यांचाच होता. पण तेथे वाटणी झाली, शनिवारवाड्यात हत्या झाली. राज्य ही वाटून घेण्याची वस्तू नाही असे ज्या घरात ठरते, तेथे भांडणाला दुसरी वाटच उरत नाही. चीनच्या तांग घराण्यातील ली शिमिन याने इ. स. ६२६ मध्ये राजवाड्याच्या वेशीवर आपल्या दोघा भावांचा घात केला आणि पुढे तो त्या देशाचा नामांकित सम्राट झाला, ते याच न्यायाने.

नाटकामागचा इतिहास थोडक्यात असा. थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे वारले. त्यांच्या हयातीत काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांनी बंड केले होते. १७६८ साली धोडप येथे त्यांचा पराभव होऊन ते नजरकैदेत पडले होते. माधवरावांच्या मागून धाकटे नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पगार थकलेले गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि काकांच्या गळ्याला मिठी मारणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला त्यांनी कापून काढले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष थेट राघोबांवर ठेवला, त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि ते पुणे सोडून वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले.

खाडिलकर केसरीतले, टिळकांचे सहकारी. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली होती. जहाल-मवाळांच्या त्या वादाची सावली नाटकावर आहेच, आणि तेव्हाच्या प्रेक्षकांनी ती पाहिली. त्याहून ठळक आहे ती शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ची सावली. राघोबा डळमळीत, स्वभावाने मऊ, पण राज्याची हाव न सुटलेला. आनंदीबाई निश्चयी, नवऱ्याला पुढे ढकलणारी. नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गाबाई खोटे यांची आनंदीबाई ज्यांनी पाहिली, त्या पिढीने या भूमिकांविषयी आयुष्यभर बोलावे, असे त्यांत खरोखरच काहीतरी आहे. खाडिलकरांचे संवाद लांब आहेत, कधी कधी ते अग्रलेखाच्या अंगाने जातात. परंतु गुन्हा करण्यापूर्वी माणूस स्वतःला कसा समजावतो, हे त्यांना नेमके ठाऊक आहे. राघोबांना खून नको आहे. त्यांना फक्त खुनानंतरचे सगळे हवे आहे.

येथपर्यंत नाटकाची थोरवी. माझी तक्रार आहे ती आनंदीबाईविषयी.

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला आहे. राघोबांनी ‘धरावे’ असे लिहिले आणि आनंदीबाईने ते ‘मारावे’ केले, ही कथा शाळकरी मुलालाही माहीत असते. या अक्षरबदलाला कागदाचा आधार नाही. ती परंपरेने आलेली कथा आहे. आपल्या रंगभूमीने आणि चित्रपटाने मात्र ती इतकी घट्ट केली की आज आनंदीबाई हे व्यक्तीचे नाव न राहता शिवी होऊन बसले आहे. प्रभातच्या १९४४ सालच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात ललिता पवार यांनी आनंदीबाई उभी केली, तीही याच साच्यातली. खाडिलकरांनी तिला बुद्धी दिली, वाणी दिली, धैर्य दिले; पण दोषाची वाटणी करताना मात्र सूनबाईच्या पदरात अर्ध्याहून अधिक घातला. त्यामुळे राघोबांविषयी प्रेक्षकाच्या मनात जी कणव उत्पन्न होते ती थोडी फुकटात मिळालेली असते. बिचारा भोळा, बायकोने बिघडवला, असे म्हणत आपण नाट्यगृहाबाहेर पडतो. आपल्या घरांतही हेच चालते. भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो आणि गाव म्हणते, थोरलीने कान भरले. दावा मात्र भावाच्या नावाने दाखल झालेला असतो.

रामशास्त्री या मोहात पडले नाहीत. त्यांनी प्रायश्चित्त सांगितले ते राघोबांना. नाटकातील हा प्रसंग म्हणूनच इतर सर्व प्रसंगांहून उंच उभा राहतो, आणि पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला तो अनोळखी वाटत नाही. उरियाचा काटा काढून त्याची बायको घरात आणणाऱ्या दावीद राजासमोर नाथान संदेष्टा उभा राहिला. हेरोदासमोर स्नापक योहान उभा राहिला. राजाच्या अन्नावर जगणाऱ्याने राजाला त्याच्या पापाचे नाव सांगावे, ही गोष्ट प्रत्येक समाजात दुर्मीळच. परंतु फरकही पाहण्यासारखा आहे. दावीद नाथानाचे ऐकतो आणि मोडून पडतो. हेरोद ऐकतो, अस्वस्थ होतो आणि तरीही तबकात शिर मागू देतो. खाडिलकरांचा राघोबा हेरोदाच्या जातीचा आहे. त्याला पश्चात्तापाची भीती वाटते. पश्चात्ताप होत नाही. काही टीकाकारांनी नायकाला उंची नाही म्हणून नाटकाला उणे ठरवावे हे मला पटत नाही. उंची नसलेला माणूसच घर बुडवतो, हे या नाटकाचे म्हणणे आहे. फक्त ते म्हणणे आनंदीबाईच्या गर्जनांमध्ये अधूनमधून ऐकू येईनासे होते.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. साताऱ्याच्या अनगळ सावकाराकडे ते लहानपणी शागीर्द होते आणि तेथे झालेल्या एका उपहासाने पेटून काशीला शिकायला गेले, अशी कथा सांगतात. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आणखी एका व्यक्तीची समाधी आहे: छत्रपती राजारामांच्या राणी ताराबाईंची. येथे खाडिलकरांनी न लिहिलेले नाटक सुरू होते, आणि मला ते लिहिलेल्या नाटकाइतकेच महत्त्वाचे वाटते.

औरंगजेबाशी सात वर्षे झुंजलेल्या या राणीला १७१४ साली सवत राजसबाईने कोल्हापुरात मुलासह कैदेत टाकले. पुढे ती साताऱ्यात शाहू छत्रपतींच्या नजरेखाली राहिली. शाहूंना मुलगा नव्हता. तेव्हा आपला एक नातू लपवून वाढवला आहे, असे तिने सांगितले, आणि १७४९ च्या डिसेंबरात शाहू वारल्यावर तो रामराजा म्हणून गादीवर आला. परंतु नातू आजीच्या मुठीत राहीना, पेशव्यांकडे झुकू लागला. २४ नोव्हेंबर १७५० रोजी तिने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि पुढे हा माझा नातूच नव्हे असे जाहीर केले. पेशव्यांनीही त्या कैद्याला मोकळे केले नाही. नामधारी छत्रपती त्यांच्या सोयीचा होता.

आता १७७३ सालाकडे पुन्हा पाहा. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून यावी लागत. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबांना ती मिळाली. आणि पुढच्याच वर्षी, नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंना पुरंदरावर मुलगा झाल्यावर, त्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांनाही मिळाली. दोन्ही वेळा छत्रपती तोच होता. सख्ख्या आजीने नाकारलेला कैदी आधी मारेकरी काकाला वस्त्रे देतो आणि मग मारल्या गेलेल्या पुतण्याच्या तान्ह्या मुलाला देतो. असा प्रसंग हाताशी असताना खाडिलकरांनी वाड्याबाहेर नजर टाकली नाही, याची चुटपूट लागते.

वाड्यातले पाप वाड्यात राहिले नाही, हे तर वसई-साष्टीच्या वाचकांना सांगायलाच नको. बारभाईंनी घेरलेले राघोबा इंग्रजांकडे गेले आणि १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी व वसई देऊ केली. इंग्रजांनी ठाणे आदल्या डिसेंबरातच घेतले होते. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांकडे परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. साष्टीच्या ज्या गावांतून आपल्या पूर्वजांची चर्चे उभी होती, ती एका काकाने स्वतःच्या गादीसाठी दिलेल्या किमतीत मोजली गेली. नाटकात हे येत नाही. येण्याची अपेक्षाही नव्हती.

ताराबाईंवर मात्र ‘भाऊबंदकी’च्या तोडीचे नाटक माझ्या वाचनात नाही. त्याचे कारण मला असे दिसते की साताऱ्याच्या त्या कथेत रामशास्त्री नाही. तेथे पेशवा, राणी आणि कैदी नातू असे तिघेच समोरासमोर आहेत, आणि तिघांपैकी निर्दोष असला तर एकटा कैदी. आपल्या नाटककारांना न्याय सांगणारा माणूस रंगमंचावर लागतो, नाहीतर प्रेक्षकाला कोणाकडे पाहावे ते कळत नाही, अशी त्यांची समजूत असावी. १७५२ च्या सप्टेंबरात ताराबाईंनी जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेतली की रामराजा आपला नातू नव्हे. वय सत्तरीच्या पलीकडे. शपथ खरी मानावी तर तीन वर्षांपूर्वी तिने शाहूंना फसवले. खोटी मानावी तर देवासमोर पोटच्या मुलाचे रक्त नाकारले. तो नातू त्यानंतर पंचवीस वर्षे छत्रपती म्हणून जगला, आणि आपण कोण हे त्याला आजीने पुन्हा कधी सांगितले नाही.