सूचना आहे, कारण नाही

वायफाय राउटरसोबत येणारे माहितीपत्रक बजावते : फर्मवेअर, म्हणजे राउटरमधली मूळ आज्ञावली, बदलत असताना वीज बंद करू नका. सूचना योग्य आहे. पण कारण दिलेले नसते. फ्लॅश स्मृतीत नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते. मध्येच वीज गेली तर जुनी आज्ञावली उरत नाही, नवी अपुरी राहते आणि राउटर सुरूच होत नाही. हे समजलेला पुणेकर देखभालीसाठी वीज जाणारा गुरुवार टाळेल. फाइलही उत्पादकाकडूनच, मॉडेल क्रमांक व हार्डवेअर आवृत्ती जुळवून घेईल. न समजलेला मात्र घाबरून हे कामच टाळतो. सुरक्षेतली जुनी भगदाडे तशीच राहतात. कारणाविना नियम शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकावर आपण टीका करतो. मग या पत्रकाला सूट का?