शाळेच्या वाटेने पदक मिळते का?

अविनाश साबळे हे नाव आता मराठवाड्यातील बहुतेक शाळांना ठाऊक आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, त्याने रौप्यपदक मिळवले. वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद. सुवर्णपदक जिंकणारा केनियाचा धावपटू त्याच्यापुढे एका सेकंदाच्या विसाव्या भागानेच होता. १९९८ ते २०१८ या काळातील सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची अठराच्या अठरा पदके केनियाने नेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या रौप्यपदकाचे मोल कळते.

साबळेची गोष्ट सांगताना एक वाक्य हमखास येते : शाळा सहा किलोमीटर दूर होती, वाहन नव्हते, म्हणून तो चालत-पळत शाळेला जाई. केनियाच्या धावपटूंविषयीही अगदी हेच सांगितले जाते. आम्हीही वर्गात ही गोष्ट कारण म्हणून सांगत आलो. पण हे स्पष्टीकरण तपासणीला टिकते का?

हिंगोली जिल्ह्यातच पाहू. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरच्या किती पिढ्या पायी शाळेत गेल्या! पायपिटीने धावपटू घडत असते तर पदके ठेवायला आपल्याकडे जागा पुरली नसती. या स्पष्टीकरणातील चूक अशी, की आपण जिंकलेल्याला विचारतो, ‘तू शाळेत कसा जात होतास?’ तशाच वाटेने जाऊन न जिंकलेल्या हजारोंना आपण काहीच विचारत नाही.

दुसरे स्पष्टीकरण उंचीचे. केनियातील इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत राहिल्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात व प्राणवायूचा पुरवठा सुधारतो, हे खरे आहे. पण नेपाळ आणि बोलिव्हियातही माणसे त्याहून उंचावर राहतात. तेथून असे धावपटू का येत नाहीत? उलट १९२० ते १९२८ या काळात नऊ ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारा पावो नुर्मी फिनलंडसारख्या सखल देशातला. त्या काळी लांब पल्ल्याच्या शर्यतींवर फिनलंडचे राज्य होते, पुढे ते गेले. तेवढ्या वर्षांत फिनिश लोकांची आनुवंशिकता काही बदलली नाही.

तिसरे स्पष्टीकरण शरीराचे. डेव्हिड एपस्टीन या अमेरिकन लेखकाच्या ‘द स्पोर्ट्स जीन’ (२०१३) या पुस्तकात त्याची चांगली मांडणी आहे. मुळात ‘देश’ हा शब्दच येथे फसवा आहे. केनियाचे बहुतेक मोठे धावपटू कालेंजिन समाजातून येतात, आणि हा समाज देशाच्या लोकसंख्येचा सुमारे आठवा हिस्सा आहे. डॅनिश संशोधकांनी कालेंजिन मुलांची डॅनिश मुलांशी तुलना केली तेव्हा त्यांच्या पोटऱ्या सडपातळ आढळल्या. पायाच्या टोकाशी वजन कमी, म्हणून दर पावलाला तो उचलण्याचे श्रमही कमी. लेखक कोणत्याही एका जनुकाला श्रेय देत नाही, परिस्थितीचाही विचार करतो, हा त्याचा प्रामाणिकपणा.

तरी आमचा एक आक्षेप आहे. मॅरेथॉन २ तास १० मिनिटांच्या आत धावलेले अमेरिकन पुरुष तोवरच्या साऱ्या इतिहासात १७, आणि २०११ च्या एकट्या ऑक्टोबर महिन्यात तसे धावलेले कालेंजिन ३२, असा आकडा तो देतो. आकडा थक्क करतो, पण छेदाशिवायचा अंश आहे. किती जण मन लावून धावले, त्यांतून हे ३२ निघाले? ते कळल्याशिवाय पोटऱ्यांचा वाटा किती, हे ठरवता येत नाही.

वर्गात सापशिडीचे पाच फासे घेऊन हे करून पाहा. पहिल्या गटाने पाचही फासे एकदाच टाकावेत. बेरीज सरासरीने १७-१८ येईल. दुसऱ्या गटाने ते शंभर वेळा टाकून सर्वांत मोठी बेरीज लिहावी. ती बहुधा २६ किंवा त्याहून अधिक निघेल. आता पहिल्या गटाला सडपातळ पोटऱ्यांचा म्हणून एक गुण फुकट द्या. तरीही तो बहुधा हरेल. दोन्ही गटांनी शंभर-शंभर वेळा फासे टाकले, तर मात्र तो एक गुण निकाल बदलू लागतो. म्हणजे शरीराचा फायदा खोटा नाही. पण पुष्कळांनी धावून पाहिल्यावरच तो दिसतो.

मग पुष्कळांना धावायला लावते कोण? येथे आपल्या व्यवसायाचा संबंध येतो. इटेनच्या सेंट पॅट्रिक शाळेत १९७६ साली कोल्म ओ’कॉनेल हे आयरिश धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. त्यांना धावण्याच्या प्रशिक्षणाचा अनुभव नव्हता. त्याच शाळेचा पीटर रोनो १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचा विजेता ठरला. इथिओपियातील बेकोजी गावात सेंटायेहू एशेतू हे प्राथमिक शाळेचे व्यायामशिक्षक. देरार्तू तुलू, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा या ऑलिंपिक विजेत्यांची सुरुवात त्यांच्याकडे झाली.

साबळेचे काय? बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि २०१५ साली, वयाच्या विशीत, सैन्यातील क्रॉसकंट्रीमुळे धावण्याकडे वळला. त्याला हेरले ते सैन्याने. त्याची शाळेची वाट सर्वांना दिसते, ही मधली चाळणी दिसत नाही. शेजारच्या परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. तेव्हा आपल्या भागात कुवत नाही, असे म्हणायला जागा नाही. ‘खेड्यातली मुले मुळातच काटक’ हे कौतुकाचे वाक्य आम्हाला म्हणूनच खटकते. ते एकदा मान्य केले की मैदान, बूट, दूध, शिक्षक यांची गरजच उरत नाही.

तालुक्याच्या स्पर्धेला आपण कोणाला पाठवतो? बहुधा मागच्या वर्षीच्याच मुलाला, किंवा चौदाव्या वर्षी अंगाने थोराड झालेल्याला. आठवीतली जी मुलगी एकदाही धावलेली नाही, तिची वेळ आपल्या वहीत कोठून असणार?

म्हणून एक सुचवतो. मैदानावर फक्कीने शंभर मीटरचा फेरा आखावा. सकाळच्या गारव्यात सर्व मुलामुलींना, ज्यांची प्रकृती बरी आहे त्या प्रत्येकाला, सहा फेरे धावू द्यावे आणि वेळ नोंदवावी. वर्षातून तीनदा हे करावे व दोन वेळांमधील सुधारणाही लिहावी. सारखाच व्यायाम करूनही काहींची क्षमता पुष्कळ वाढते, काहींची फारशी नाही, हे प्रयोगांनी दाखवले आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी मागे असलेला पुढेही मागेच राहील असे नाही. घड्याळ हातातले चालेल. वहीत मात्र वर्गातले एकही नाव सुटू नये.