माहिती देणाऱ्याला काय मिळालं? तीन माहितीपट, संशोधकाच्या नजरेतून



पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये 'संशोधन पद्धती' हा पेपर असतो. सॅम्पल कसं निवडायचं, प्रश्नावली कशी तयार करायची, संमतीपत्रावर सही कशी घ्यायची, हे सगळं त्यात येतं. एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो: समोरचा माणूस आपल्याला माहिती का देतोय आणि त्या बदल्यात त्याला काय मिळणार आहे? आमच्या विज्ञान शाखेत हा प्रश्न समाजशास्त्रवाल्यांचा मानून सोडून देतात. पण रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे.

आज तीन माहितीपटांबद्दल लिहितोय. तिन्हींचा विषय ट्रान्सजेंडर व्यक्तींचं आयुष्य आहे आणि पहिल्यात त्याला ड्रॅगच्या इतिहासाची जोड आहे. ते चित्रपट म्हणून चांगले आहेतच, पण तुम्ही ते पद्धतीसाठी बघा.

आधी दोन शब्द वेगळे करू. ड्रॅग हे सादरीकरण आहे: पोशाख, मेकअप, चालणं-बोलणं यातून दुसरं लिंग रंगमंचावर उभं करणं. ट्रान्सजेंडर असणं ही ओळख आहे, मेकअप उतरवल्यावरही राहणारी. बालगंधर्व रंगमंचावर स्त्री-भूमिका करत, एवढ्यावरून आपण त्यांना ट्रान्सजेंडर म्हणत नाही. मात्र प्रत्यक्ष इतिहासात या दोन गोष्टी एकाच छपराखाली नांदल्या आहेत, आणि पहिल्या माहितीपटात तेच दिसतं.

१. पॅरिस इज बर्निंग (१९९०)

जेनी लिव्हिंगस्टन यांचा हा माहितीपट १९८०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधला आहे. हार्लेममध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स मंडळी 'बॉल' भरवायची. त्यात वेगवेगळ्या गटांत स्पर्धा व्हायच्या. स्पर्धक ज्या 'हाऊस'कडून उतरायचे ते घरातून हाकललेल्या पोरांचं दुसरं घरच असायचं, आणि त्याला एक 'मदर' असायची.

या माहितीपटाची सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे व्याख्या बाहेरून लादलेल्या नाहीत. डोरियन कोरी ही ज्येष्ठ ड्रॅग कलाकार आरशासमोर बसून मेकअप करता करता 'शेड' म्हणजे काय, 'रीडिंग' म्हणजे काय, हे समजावून सांगते. निवेदकाचा आवाज नाही, तज्ज्ञ नाहीत. जग ज्यांचं, संकल्पनाही त्यांच्याच. ड्रॅग आणि ट्रान्स यांतला फरकही असाच त्यांच्या तोंडून येतो. पेपर लाबेजा शस्त्रक्रिया नको म्हणून स्पष्ट सांगतात, तर व्हीनस आणि ऑक्टेव्हिया यांना स्त्री म्हणूनच आयुष्य काढायचं आहे. मंच एक, उत्तरं वेगळी. वर्गीकरणाची घाई करणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पुन्हा बघावा.

आता कमकुवत बाजू. व्हीनस एक्स्ट्राव्हगान्झा हिचा १९८८ मध्ये, चित्रीकरणाच्या काळातच, खून झाला. तिच्या हाऊसची मदर अँजी ती बातमी कॅमेऱ्यासमोर सांगते आणि चित्रपट लगेच पुढे सरकतो. लेखिका बेल हुक्स यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. गोरी व्यक्ती कॅमेरा घेऊन येते, स्वतः चौकटीबाहेर राहते आणि एका समूहाचा विधी प्रेक्षकांसाठी तमाशा बनतो, असा त्यांचा आक्षेप होता. मला तो अर्धा पटतो. चित्रपटात आपुलकी आहे, पण निरीक्षक कुठे उभा आहे ते कुठेच कळत नाही. सूक्ष्मदर्शकाचं मॅग्निफिकेशन न लिहिता फोटो छापावा, तसं झालं आहे.

आणि मग पैसे. चित्रपट लाखो डॉलर कमावतोय हे दिसल्यावर त्यात दिसलेल्या अनेकांनी आपला वाटा मागितला. कायद्याच्या बाजूने बघितलं तर सगळ्यांनी संमतीपत्रावर सह्या केलेल्या होत्या. शेवटी सुमारे ५५ हजार डॉलर १३ जणांत वाटले गेले. वाटणीचा निकष होता, कोण पडद्यावर किती वेळ दिसतं.

सही घेतली म्हणजे संमतीचा विषय संपला, असं तुम्हाला वाटत असेल तर इथे थांबून विचार करा. सही केली तेव्हा या चित्रपटाचं पुढे काय होणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. आज तुम्ही घेतलेला डेटा दहा वर्षांनी कोणत्या डेटाबेसमध्ये जाईल, हे तरी तुमच्या संमतीपत्रात कुठे असतं?

२. स्क्रीमिंग क्वीन्स (२००५)

हा माहितीपट सुझन स्ट्रायकर आणि व्हिक्टर सिल्व्हरमन यांचा. ऑगस्ट १९६६. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागातल्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात एका रात्री पोलिसांनी एकीला धरायचा प्रयत्न केला. तिने पोलिसाच्या तोंडावर कॉफी फेकली आणि दंगल उसळली. प्रसिद्ध स्टोनवॉलच्या तीन वर्षं आधीची ही घटना. तरी इतिहासातून ती जवळपास गायब होती.

स्ट्रायकर स्वतः ट्रान्स स्त्री आणि इतिहासात पीएच.डी. केलेल्या संशोधक. त्यांना पहिला धागा मिळाला तो १९७२ च्या प्राइड परेडच्या कार्यक्रमपत्रिकेत. तिथे या घटनेचा छोटासा उल्लेख होता. वर्तमानपत्रांत बातमी नव्हती. नेमकी तारीख आजही निश्चित नाही.

आता विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून स्वतःला विचारा, एकाच स्रोतातल्या एका नोंदीवर तुम्ही किती भार टाकाल? स्ट्रायकर यांनी तो लगेच टाकला नाही. त्या काळी तिथे राहणाऱ्या स्त्रियांना त्यांनी शोधलं. एलियट ब्लॅकस्टोन या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यालाही बोलतं केलं. एकमेकांशी संबंध नसलेले स्रोत एकाच दिशेला बोट दाखवू लागले, तेव्हाच चित्र पक्कं झालं. प्रयोगशाळेत आपण एकच निष्कर्ष दोन वेगळ्या तंत्रांनी तपासतो, तसंच हे.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे कारणमीमांसा. 'पोलीस वाईट होते' एवढ्यावर हा माहितीपट थांबत नाही. शहराच्या पुनर्विकासामुळे स्वस्त वस्त्यांवर आलेलं दडपण, नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनाम युद्ध, त्याच वर्षी आलेलं डॉ. हॅरी बेंजामिन यांचं ट्रान्ससेक्शुअल व्यक्तींवरचं पुस्तक, हे सगळं एकत्र मांडून दंगल तेव्हाच आणि तिथेच का झाली, याचं उत्तर दिलं जातं. मांडणी मात्र साधी, टीव्हीच्या वळणाची आहे आणि मधला भाग संथ वाटू शकतो. पण निरीक्षक लपलेला नाही. मी कोण आणि हे का शोधतेय, हे स्ट्रायकर पडद्यावर येऊन सांगतात. आणि बोलणाऱ्या स्त्रियांना काय मिळालं? ज्या लढ्याची कुठेच नोंद नव्हती, त्यात त्यांचं नाव लागलं.

३. फ्रेमिंग ॲग्नेस (२०२२)

मुलाखत घेऊन संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने हा बघायलाच हवा. १९५८ मध्ये 'ॲग्नेस' (हे टोपणनाव) लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आली. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्टोलर आणि समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकेल यांनी तिच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. तिचं शरीर आपोआप स्त्रीसारखं झालंय, असा त्यांचा निष्कर्ष झाला. १९५९ मध्ये तिची शस्त्रक्रिया झाली, शोधनिबंधही छापून आला. काही वर्षांनी तिनेच सांगितलं की बाराव्या वर्षापासून ती आईच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत होती.

तज्ज्ञ फसले, असं आपण म्हणून मोकळे होतो. पण प्रयोगाची रचना बघा. ट्रान्स म्हणून गेलात तर शस्त्रक्रिया जवळपास अशक्य, जन्मजात वेगळेपण असेल तर शक्य. म्हणजे दार उघडायची किल्ली ज्याच्या हातात, तोच प्रश्न विचारतोय, आणि कोणत्या उत्तराने दार उघडतं हे समोरच्याला ठाऊक आहे. अशा वेळी मिळालेला डेटा मुळात त्या दाराचं वर्णन असतो. चूक ॲग्नेसच्या उत्तरात शोधण्याऐवजी रचनेत शोधायला हवी.

दिग्दर्शक चेस जॉइंट आणि समाजशास्त्रज्ञ क्रिस्टन शिल्ट यांना गार्फिंकेल यांच्या जुन्या कागदपत्रांत ॲग्नेसशिवाय इतर ट्रान्स व्यक्तींच्याही मुलाखती सापडल्या. त्या जॉइंट यांनी ट्रान्स कलाकारांकडून जुन्या टॉक-शोच्या थाटात सादर करून घेतल्या. मुलाखतकार स्वतः जॉइंट. प्रश्न विचारणं हीसुद्धा एक भूमिका असते, हे त्यातून डोळ्यांना दिसतं. इतिहासकार ज्यूल्स गिल-पीटरसन मधे मधे येऊन, अर्काइव्हकडून आपण काय मागू शकतो आणि काय नाही, यावर बोलतात. तो या चित्रपटाचा सगळ्यात विचारी भाग आहे.

तक्रार एकच. चित्रपट स्वतःच्या प्रक्रियेवर इतका बोलतो की ज्यांच्या मुलाखती आहेत, ती माणसं मागे पडतात. निरीक्षकाने अजिबात न दिसणं हा एक दोष, तर सतत तोच दिसत राहणं हा दुसरा. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणातही हे होतं. पन्नास पानं 'माझी भूमिका' आणि निष्कर्ष चार पानांत.

बघायचं कसं?

याच क्रमाने बघा. प्रत्येक माहितीपट संपल्यावर वहीत चार उत्तरं लिहा: माहिती कोणी दिली? का दिली? त्यातून कोणाला काय मिळालं? आणि हेच काम कोणत्या दुसऱ्या स्रोतातून तपासता आलं असतं?

मग स्वतःच्या संशोधन प्रस्तावाचा मसुदा काढा आणि तेच चार प्रश्न त्याला विचारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर लिहिता येत नसेल, तर नैतिकता समितीकडे अर्ज पाठवण्याआधी एकदा गाइडशी नीट बोला. काय उत्तरं आली ते मला कमेंटमध्ये जरूर कळवा.