दुकानदारच परीक्षक

मंडळी, आधी एक कबुली. अमेरिकेत आल्यानंतर पहिली बारा-तेरा वर्षं मी कॉलेज फुटबॉलकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ज्या खेळात चेंडूला पाय लागतो तो अधूनमधून, आणि तीन तासांत प्रत्यक्ष खेळ होतो जेमतेम पाव तास, त्यासाठी शनिवार कोण घालवणार? आमचे शनिवार मराठी शाळा, तबल्याचा क्लास आणि मंडळाच्या मीटिंगा यांत आनंदाने खर्ची पडत होते. मग चिरंजीव वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात दाखल झाले, आणि आमच्या घरात गडद लाल रंगाचे टी-शर्ट, टोप्या, चहाचे मग अशी एकेक वस्तू शिरू लागली. सौ.ने तर एका वर्षी गणपतीच्या मखरालाही तोच रंग दिला. (तिचं म्हणणं, तो जास्वंदीचा आहे.)

पुलमन हे गाव सिएटलपासून सुमारे पावणेतीनशे मैलांवर. शेवटचे तास-दीड तास नुसती गव्हाची शेतं, टेकड्यांच्या लाटांवर लाटा. स्टेडियम लहान, तेहेतीस हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं. मिशिगनला एक लाखाच्या वर मावतात. अशा आडगावच्या संघावर प्रेम करायचं म्हणजे टीव्हीशी भांडण आलंच. म्हणूनच या लेखाकडे तटस्थ समीक्षा म्हणून पाहू नका. फिर्यादीच परीक्षण लिहितो आहे. निदान एवढं मी आधी सांगतो तरी. टीव्हीवाले सांगत नाहीत.

ईएसपीएनचा 'कॉलेज गेमडे' हा शनिवार सकाळचा कार्यक्रम तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. १९८७ साली सुरू झाला आणि १९९३ पासून गावोगाव जाऊ लागला. ज्या विद्यापीठात त्यांचा मांडव पडेल तिथे त्या दिवशी जत्रा. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये हा मांडव टेक्सासमध्ये ऑस्टिनला होता. तिथे वॉशिंग्टन स्टेटचा एक माजी विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचा झेंडा घेऊन गर्दीत उभा राहिला. उद्देश एवढाच, की कधीतरी आमच्याही गावाला या. तेव्हापासून दर शनिवारी, कार्यक्रम कुठेही असो, कुणी ना कुणी माजी विद्यार्थी तो झेंडा तिथे फडकवत आला. झेंडा पोस्टाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आपल्या वारीच्या पताकेची आठवण झाली ना? फरक असा, की इथे विठोबा पंधरा वर्षं वीट सोडायला तयार नव्हता. 'गेमडे' पुलमनला पहिल्यांदा आला तो २० ऑक्टोबर २०१८ ला. त्या दिवशी आमच्या संघाने ओरेगनला ३४-२० असं हरवलं. चिरंजीव पहाटेपासून थंडीत उभे होते आणि फोनवर त्यांचा आवाज पार बसला होता.

आता याच कार्यक्रमातला पाच वर्षांनंतरचा प्रसंग. २३ सप्टेंबर २०२३. वॉशिंग्टन स्टेट विरुद्ध ओरेगन स्टेट. आमचा क्रमांक २१ वा, त्यांचा १४ वा. म्हणजे दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पंचविसात. सामना ३८-३५ असा चुरशीचा झाला, आम्ही जिंकलो. पण सकाळी 'गेमडे'वर ली कोर्सो या ज्येष्ठ समालोचकांनी या लढतीची ओळख करून दिली ती 'कुणालाच नको असलेल्यांचा सामना' अशा अर्थाच्या विनोदाने. कारण त्याच उन्हाळ्यात पॅक-१२ ही कॉन्फरन्स फुटली होती. बारापैकी दहा विद्यापीठं दुसरीकडे जायला निघाली आणि मागे राहणारी ही दोनच. सामन्यानंतर आमचे कोच जेक डिकर्ट यांनी कोर्सोंचं नाव घेऊन राग व्यक्त केला. कोर्सो आजोबांच्या वयाचे, प्रेमळ माणूस, त्यांच्या डोक्यावरचे मुखवटे आम्हीही हसत पाहिले. विनोद आम्हालाही कळतो. पण घर मोडण्यात ज्यांचा हात, त्यांच्याच ओटीवरून हा विनोद आला, हे खटकलं.

हात कसा, ते सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. कुठला संघ किती वेळा टीव्हीवर दिसेल यालाही मर्यादा होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी मोडली. (विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एकेकाळचे नामांकित फुटबॉलपटू, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.) मक्तेदारी गेली ते चांगलंच झालं. पण त्यानंतर ज्याच्याकडे प्रेक्षक त्याच्याकडे पैसा आणि ज्याच्याकडे पैसा त्याचीच प्राइम टाइम वेळ, असं चक्र सुरू झालं. नोत्र दामने १९९१ पासून एनबीसीशी स्वतंत्र संसार थाटला. २०११ मध्ये टेक्सास विद्यापीठ आणि ईएसपीएन यांनी भागीदारीत लाँगहॉर्न नेटवर्क काढलं: वीस वर्षं, तीस कोटी डॉलर. ज्या संघाबद्दल निष्पक्ष बातमी द्यायची, त्याच्याशीच धंद्यातली भागीदारी! शेजारचं टेक्सास ए अँड एम पुढच्याच वर्षी वेगळं झालं, आणि त्यामागच्या कारणांत हे चॅनेलही होतं. २०२४ मध्ये ते चॅनेल बंद पडलं, कारण टेक्सासच एसईसी कॉन्फरन्समध्ये गेलं. एसईसी नेटवर्क २०१४ पासून ईएसपीएनच्याच मालकीचं, आणि २०२४ पासून एसईसीचे सगळे प्रमुख सामनेही एबीसी-ईएसपीएनकडे. दुसऱ्या बाजूला बिग टेन नेटवर्कमध्ये फॉक्सचा मोठा वाटा. म्हणजे सोवळं कुणीच पाळत नाही.

पॅक-१२ चं काय झालं? त्यांनी चॅनेल स्वतःच्या मालकीचं काढलं, भागीदार घेतला नाही. स्वाभिमानी निर्णय, पण ते चॅनेल डायरेक्टीव्हीवर कधी आलंच नाही. २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए यांनी फॉक्सच्या बिग टेनची वाट धरली. त्याच वर्षी बिग १२ ने ईएसपीएन आणि फॉक्सशी करार उरकून घेतला आणि पॅक-१२ साठी टेबलावर फारसं काही उरलं नाही. ४ ऑगस्ट २०२३ ला ओरेगन आणि वॉशिंग्टन गेले आणि शंभरेक वर्षांची परंपरा संपली. पॅक-१२ चे कारभारी धोरणी नव्हते, त्यांनी भाव ताणला, हे मला मान्य आहे. सगळं खापर टीव्हीवर फोडणं सोपं आहे, पण खरं नाही. तरी ज्या कंपन्यांनी बोली लावली, कुणाला घ्यायचं नि कुणाला नाही हे ठरवलं, त्यांच्याच स्टुडिओत बसून या फुटीची 'बातमी' आणि 'विश्लेषण' होत होतं. त्या चर्चांमध्ये 'आमच्या कंपनीचाही यात संबंध आहे' हे वाक्य मी क्वचितच ऐकलं.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. भारतातल्या क्रिकेट सामन्यांचं समालोचन आठवा. समालोचकांशी करार बीसीसीआयचा; मग बोर्डावर टीका करणार कोण? २०१६ च्या आयपीएलआधी हर्षा भोगले अचानक दिसेनासे झाले, २०२० मध्ये संजय मांजरेकरांना यादीतून वगळलं. पुढे दोघेही माइकवर परतले. पण मधल्या काळात बाकीच्यांनी काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

आता आपल्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द ऐकवतो, कारण पक्षपाताची ओरड आपण फार सैल हाताने करतो. सगळ्यांचं आवडतं उदाहरण २०२३ चं फ्लोरिडा स्टेट. तेरापैकी तेरा सामने जिंकले, एसीसीचे विजेते, तरी चार संघांच्या प्लेऑफमध्ये जागा नाही. आणि एकेक पराभव झालेले टेक्सास आणि अलाबामा आत. 'ईएसपीएनने आपल्या एसईसीला आणलं,' असा एकच गलका झाला. पण एसीसीचे हक्कही ईएसपीएनकडेच होते, एसीसी नेटवर्कही त्यांचंच! शिवाय निवड करते तेरा जणांची समिती, चॅनेल नव्हे. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला होता, हे समितीने कारण दिलं. मला तो निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा पुढे काय होईल याच्या अंदाजाला किंमत दिली गेली. पण तो चॅनेलने फिरवला, असं म्हणायला पुरावा नाही. आणि एसईसीचं कौतुक निव्वळ बनावट होतं असंही नाही. २००६ ते २०२२ या सतरा मोसमांत तेरा विजेतेपदं त्यांनीच नेली.

मग पक्षपात आहे कुठे? माझ्या मते तो निकालात कमी आणि नजरेत जास्त आहे. समितीच्या चर्चेत 'आय टेस्ट' हा शब्द नेहमी येतो, म्हणजे संघ डोळ्यांना कसा वाटतो. डोळ्यांना दाखवतं कोण? समितीला सगळ्या सामन्यांचं चित्रण मिळतं, हे खरं. पण मतदार पत्रकार, माजी खेळाडू आणि तुम्ही-आम्ही जे पाहतो ते हायलाइट्स आणि आठवडाभर चालणारी बडबड. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिश्चन मॅकॅफ्रीने एका मोसमात ३,८६४ 'ऑल-पर्पज' यार्डांचा विक्रम केला आणि बॅरी सँडर्सचा जुना विक्रम मोडला, तरी हाइजमन ट्रॉफी अलाबामाच्या डेरिक हेन्रीला गेली. हेन्री लायक होताच. पण स्टॅनफर्डचे सामने पूर्वेकडे रात्री दहानंतर सुरू होत, तेव्हा बॉस्टन-न्यूयॉर्कचे किती मतदार जागे होते? आमच्या सामन्यांची वेळही बऱ्याचदा तीच. न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ म्हणतो, "दादा, तुमचा संघ मी फक्त स्कोअरमध्ये बघतो."

दर मंगळवारी जाहीर होणारं प्लेऑफ रँकिंग हा आणखी एक नमुना. शेवटची यादीच खरी, मग आधीच्या याद्या कशासाठी? कार्यक्रमासाठी. २०१४ मध्ये पहिल्याच वर्षी टीसीयू तिसऱ्या क्रमांकावर होतं. शेवटच्या शनिवारी ५५-३ असं जिंकलं आणि घसरलं सहाव्यावर. परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत गुणपत्रिका दाखवायची आणि निकालाच्या दिवशी म्हणायचं, ती नुसती गंमत होती! एखाद्या शाळेने असं केलं असतं तर पालकांनी मोर्चा नेला असता.

मात्र मला सगळ्यात जास्त खटकला तो डिसेंबर २०२४. प्लेऑफ बारा संघांचं झालं, इंडियानाला जागा मिळाली, आणि नोत्र दामने त्यांना २७-१७ हरवलं. लगेच ईएसपीएनच्या पडद्यावर, इंडियाना इथे कशाला आलं, त्यांचं वेळापत्रकच लेचंपेचं, असा सूर लागला. दुसऱ्याच दिवशी एसईसीचं टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२-१७ असं, म्हणजे पंचवीस गुणांनी हरलं. टेनेसीच्या लायकीची तेवढी चिरफाड झालेली मला तरी दिसली नाही. हाच तो पक्षपात. खोटं कुणी बोललं नाही. फक्त एकाला प्रश्न विचारला, दुसऱ्याला विचारला नाही. पुढच्याच मोसमात इंडियानाने रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३ असं धुतलं आणि एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. लागोपाठ तीन वर्षं विजेता बिग टेनचा: मिशिगन, ओहायो स्टेट, इंडियाना. मी घरी टाळ्या वाजवल्या, सौ. म्हणाली, "तुमचा इंडियानाशी काय संबंध?" संबंध काहीच नव्हता.

२०२४ च्या मोसमात आमचे आणि ओरेगन स्टेटचे घरचे सामने सीडब्ल्यू आणि फॉक्सवर असत. एका शनिवारी मंडळाचा कार्यक्रम आटोपून आम्ही घरी आलो, तर रिमोटवर सीडब्ल्यूचा नंबर कुणालाच ठाऊक नाही. चिरंजीव आता नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी; त्यांना फोन लावला. "बाबा, ईएसपीएनच्या बरंच खाली शोधा," असं म्हणाले. शोधताना पहिला क्वार्टर गेला. सापडलं तेव्हा पडद्यावर तीच गव्हाची टेकडी होती, आणि दोन समालोचक आमच्या राखीव लाइनबॅकरबद्दल, त्याच्या गावाबद्दल, अगदी मन लावून बोलत होते. सौ.ने चहा टाकला आणि मी आवाज थोडा वाढवला.