चांदीचे भांडे आणि लोखंडी बेडी

अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेला २०२६ मध्ये अडीचशे वर्षे होतात. अशा निमित्ताने तिथल्या संग्रहालयांत पूर्वजांच्या घरगुती वस्तू मांडल्या जातात: महोगनीच्या खुर्च्या, चांदीच्या चहादाण्या, ठिगळकामाच्या गोधड्या. डेलावेअरमधील विंटरथर येथे हेन्री फ्रान्सिस ड्यू पॉन्ट यांनी १९५१ साली आपले राहते घरच संग्रहालय म्हणून खुले केले. सुमारे पावणेदोनशे दालने जुन्या घरांच्या थाटात सजवलेली. त्या कारागिरीला नावे ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु अशा दालनात जेवणाचे टेबल मांडलेले असते, वर मेणबत्त्या असतात; ते टेबल रोज पुसणारे हात मात्र कुठेच नसतात.

हे हात दाखवायचे कसे, याचे एक उत्तर फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने १९९२ साली बाल्टिमोरमध्ये दिले. मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या कोठारातल्याच वस्तू त्याने बाहेर काढल्या आणि त्यांची शेजारे बदलली. नक्षीदार चांदीच्या भांड्यांच्या मधोमध त्याने गुलामांच्या लोखंडी बेड्या ठेवल्या आणि चिठ्ठीवर लिहिले एवढेच, ‘धातुकाम, १७९३–१८८०’. दुसरीकडे सुंदर खुर्च्या ओळीने मांडल्या, आणि त्यांच्यासमोर उभा केला क्रुसाच्या आकाराचा फटके मारण्याचा खांब. जणू बैठक भरली आहे आणि पाहुणे पाहत आहेत. शुक्रवारी क्रुसाची वाट करणाऱ्या आपल्यासारख्यांना यापुढे काही सांगावे लागत नाही.

आणि हे मेरीलँडमध्ये घडावे! १६३४ साली कॅथलिक कॅल्व्हर्ट घराण्याने वसवलेली ही वसाहत; स्वदेशात छळ सोसणाऱ्या इंग्रज कॅथलिकांना आसरा मिळावा, हाही तिचा एक हेतू होता. त्याच भूमीवर येशूसंघीयांच्या मळ्यांत गुलाम राबत होते. १८३८ साली संघाने २७२ स्त्री-पुरुष आणि मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार केला, आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्याकडे गेला. हे लिहिताना लेखणी अडखळते. पण ज्या चांदीला आपण अमेरिकेची म्हणून दुरून न्याहाळतो, तिच्या शेजारच्या बेडीत आपल्याही घरच्यांचा हात होता.

विल्सनच्या मांडणीत आम्हांला एक उणीव मात्र जाणवते. बेडी पाहून मन हादरते, पण ती ज्याच्या पायात होती तो माणूस निनावीच राहतो. धक्का एकदाच बसतो. दुसऱ्यांदा ती युक्ती ठरते.

म्हणून २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सुरू झालेले आणि पुढे बॉस्टनला गेलेले, साउथ कॅरोलायनातील एजफील्डच्या कृष्णवर्णीय कुंभारांचे प्रदर्शन आम्हांला अधिक मोलाचे वाटते. तिथे डेव्हिड ड्रेक भेटतो. हा गुलाम मोठाल्या बरण्या घडवी. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बरण्यांत दीडशे लिटरच्या आसपास माल मावे. ओल्या मातीवर तो ‘डेव्ह’ अशी सही करी, तारीख घाली आणि कधीकधी यमक जुळवून दोन ओळीही कोरी. १८३४ पासून त्या राज्यात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता! १८५७ च्या एका बरणीवर त्याने आपल्या दुरावलेल्या आप्तांची आठवण काढली आहे. खारवलेले मांस ठेवण्याच्या भांड्यावर ही विचारणा. शेजारी बेडी ठेवण्याची तिथे गरजच उरत नाही.

अर्थात, ज्यांनी सही केली नाही अशा एजफील्डच्या कित्येक कुंभारांची भांडी आजही निनावी आहेत, आणि एका डेव्हच्या कौतुकात ते पुन्हा झाकले जाण्याचा धोका आहे. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०२५ साली बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने आपल्याकडील ड्रेकच्या दोन बरण्यांची मालकी त्याच्या वंशजांकडे सोपवली. त्यांतली एक संग्रहालयाने त्यांच्याकडून पुन्हा विकत घेतली. या वेळी पैसे घडवणाऱ्याच्या घरी गेले.